गोळी बोगस नाही, हिशेब अपुरा

शाळेत जंताची गोळी दिली, बाईंनी समोर उभं राहून ती चावायला लावली, यादीत नावापुढे खूण झाली, आणि तरीही दीड-दोन महिन्यांत लेकराच्या शौचात पांढरे, दोऱ्याच्या तुकड्यांसारखे जंत वळवळताना दिसले, की आई-बापाचा निष्कर्ष ठरलेला असतो: सरकारी गोळी बोगस आहे. त्यावर मिळणारं उत्तरही तितकंच ठरलेलं असतं: गोळी चांगलीच आहे, तुम्हीच घरात स्वच्छता पाळत नाही. पहिलं विधान औषधावर अन्याय करतं, दुसरं आईवर. यवतमाळ जिल्ह्याच्या सोळाही तालुक्यांत ही दोन वाक्यं एकमेकांवर आदळत राहतात, आणि गंमत अशी की दोन्हींच्या मुळाशी चूक एकच आहे. जंत म्हणजे एकच काहीतरी असतं, ते एका लेकराच्या पोटात असतं आणि त्या पोटात गोळी गेली की काम संपतं, ही ती समजूत. शौचात दिसणारा हा बारीक जंत, डॉक्टर ज्याला पिनवर्म म्हणतात, त्या समजुतीत बसत नाही. तो एका छपराखाली झोपणाऱ्या सगळ्यांचा मिळून आजार आहे. घरातल्या सगळ्यांना एकाच दिवशी औषध आणि चौदा दिवसांनी सगळ्यांना पुन्हा औषध, एवढाच त्याचा उपाय. नेमका हाच उपाय मोहिमेच्या आखणीत नाही, आणि तो तिथे का नाही हे लोकांना कुणी सांगतही नाही.

मोहिमेला नावं ठेवण्याआधी ती कशासाठी आहे ते पाहिलं पाहिजे. राष्ट्रीय जंतनाशक दिन फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झाला. पहिल्या टप्प्यात जी अकरा राज्यं आणि केंद्रशासित प्रदेश घेतले त्यांत महाराष्ट्र होता. साधारण १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट, कधी तारीख मागेपुढे, अशा दोन दिवशी १ ते १९ वयोगटातल्या मुलामुलींना शाळेत आणि अंगणवाडीत अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी दिली जाते. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी, चुरा करून पाण्यातून. त्या दिवशी जी मुलं आली नाहीत त्यांच्यासाठी पुढच्या आठवड्यात आणखी एक दिवस. या सगळ्याचा नेम तीन जंतांवर धरलेला आहे: गांडुळासारखा लांब गोल जंत, चाबकाच्या आकाराचा व्हिपवर्म आणि आतड्याला चिकटून रक्त पिणारा आकडेकृमी. तिघांनाही एका माणसातून दुसऱ्यात जायला माती लागते. गोल जंताचं अंडं मातीत दोन-तीन आठवडे राहिल्याशिवाय लागण करण्याजोगं होत नाही. आकडेकृमीची अळी ओल्या मातीतून अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरते. म्हणून या तिघांविरुद्ध संडास आणि चप्पल ही खरी शस्त्रं, आणि गोळी तोवरची मदत. गोळी किती वेळा द्यायची याचा जागतिक आरोग्य संघटनेचा निकषही याच तिघांवर बेतलेला आहे: मुलांमध्ये लागण २० टक्क्यांच्या वर असेल तर वर्षातून एकदा, ५० टक्क्यांच्या वर गेली तर दोनदा. हे टक्के काढायला शौचाचा नमुना काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली अंडी मोजतात. पिनवर्मची अंडी शौचात फारशी नसतातच, त्यामुळे तो या मोजणीत येत नाही. जो मोजला नाही, ज्याच्यासाठी वेळापत्रक आखलं नाही, त्याच्यावरून गोळीची परीक्षा घ्यायची, हा न्याय कुठला?

आता पिनवर्मचं वेळापत्रक पाहू, कारण सगळा वाद तारखांचा आहे. त्याची मादी ८ ते १३ मिलिमीटर लांब, नर त्याहून बराच लहान. राहतात मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला, आंत्रपुच्छाच्या आसपास. अंडी भरली की मादी रात्री, लेकरू झोपेत असताना, शौचाच्या जागेतून बाहेर येते आणि आजूबाजूच्या कातडीवर दहा हजारांच्या घरात अंडी चिकटवून मरते. तिच्या हालचालीनं आणि त्या चिकट अंड्यांनी खाज सुटते. लेकरू झोपेतच खाजवतं, अंडी नखांत जातात, सकाळी बोट तोंडात जातं. गोल जंताच्या अंड्याला मातीत आठवडे काढावे लागतात. पिनवर्मचं अंडं चार ते सहा तासांत लागण करायला तयार असतं. म्हणजे रात्री अकराला घातलेलं अंडं पहाटेपर्यंत शेजारी झोपलेल्या भावंडाला पुरेसं. चादर, गोधडी, चड्डी, दाराची कडी, खेळणं, सगळीकडे ते पोचतं. गोधडी घरात झटकली तर धुळीबरोबर उडून श्वासावाटे घशात आणि तिथून पोटातही जाऊ शकतं. थंड, दमट जागी ते दोन-तीन आठवडे टिकतं. गिळलेल्या अंड्यातून जंत निघून, वाढून, त्याची मादी पुन्हा अंडी घालायला बाहेर येईपर्यंत सुमारे एक ते दोन महिने जातात.

हे आकडे मोहिमेच्या दिनदर्शिकेवर ठेवून बघा. १० फेब्रुवारीला सकाळी मुलीनं गोळी खाल्ली. अल्बेंडाझोल उत्तम काम करतं, तिच्या आतड्यातले बहुतेक पिनवर्म त्यानं संपतात. पण औषध जंत मारतं, अंडी मारत नाही. रात्री ती त्याच गोधडीवर झोपते. शेजारी धाकटा भाऊ आहे, तो त्या दिवशी तापानं घरी होता आणि नंतरच्या दिवशीही त्याचं राहून गेलं. आई आहे, तिचं वय एकोणीसच्या वर, ती मोहिमेत बसत नाही. आजी आहे, तिचाही प्रश्न येत नाही. या तिघांपैकी एकाच्या पोटात जंत असले किंवा गोधडीत जुनी अंडी असली, तरी त्या आठवड्यातच मुलगी नवी अंडी गिळते. फेब्रुवारीच्या मध्यात गिळलेल्या अंड्याची मादी मार्चच्या उत्तरार्धात बाहेर यायला लागते. आई-बापाला जे ‘गोळी खाऊनही जंत’ दिसतात ते हे, नव्या लागणीचे नवे जंत. पुढची गोळी ऑगस्टमध्ये. मधल्या साडेचार महिन्यांत पिनवर्मच्या तीन-चार पिढ्या सहज होतात. चौदा दिवसांनी दुसरी मात्रा का, तेही यातच आहे: पहिल्या गोळीच्या आसपास गिळलेली अंडी तोवर जंत झालेली असतात, पण अंडी घालण्याइतकी मोठी झालेली नसतात. त्या टप्प्यावर गाठलं तर साखळी तुटते. महिनाभर थांबलं तर पुन्हा पहिल्यापासून. अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम, मेबेंडाझोल १०० मिलिग्रॅम किंवा वजनाच्या हिशेबानं पायरँटेल, यांतलं कुठलंही औषध घ्या, पिनवर्मसाठी जगभरची शिफारस एकच आहे: एक मात्रा, दोन आठवड्यांनी दुसरी, आणि घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी. गोळीत दम नाही म्हणून एकाच दिवशी दोन देणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की दुप्पट मात्राही अंड्यांना काही करत नाही. औषधाच्या दुकानातून दहा मिलिलिटरची बाटली आणून खाजवणाऱ्या एकट्या लेकराला पाजायची आणि दोन महिन्यांनी पुन्हा आणायची, हा जो खाजगी क्रम आहे, त्यातही खोट हीच. पैसे मात्र दर वेळी नवे जातात.

‘पिनवर्मसारख्या किरकोळ खाजेवर एवढं कशाला? जिल्ह्यात कुपोषण आहे, सिकलसेल आहे, पांढऱ्या पडलेल्या पोरी आहेत, तिकडे लक्ष द्या,’ असा आक्षेप इथे येणार, आणि तो वजनदार आहे. पिनवर्मनं रक्त कमी होत नाही, वाढ खुंटत नाही, माणूस मरत नाही, हे खरंच. पण ज्या आकडेकृमीनं रक्त कमी होतं तो कुणाला दिसतो का? तो आतड्याच्या भिंतीला चिकटून बसतो, जातीप्रमाणे दिवसाला ०.०३ ते ०.२ मिलिलिटर रक्त पितो आणि गोळीनं मेला तरी आईला त्याचा पत्ता लागत नाही. तो मेल्याचा पुरावा एवढाच की मुलगी काही महिन्यांनी थोडी कमी दमते, आणि त्याचं श्रेय गोळीला कोण देणार? डोळ्यांना दिसतो, खाजेनं घर जागं ठेवतो, तो पिनवर्म. त्यामुळे लोक मोहिमेचा निकाल नेमका त्या जंतावरून लावतात ज्याच्यासाठी ती आखलेलीच नव्हती. पुढच्या फेब्रुवारीत आई म्हणते, ‘काही उपयोग होत नाही, राहू दे,’ आणि तेव्हा मुलीला जी गोळी मिळत नाही ती आकडेकृमीवरचीही असते. पांढऱ्या पडलेल्या पोरींची काळजी असेल, तर किरकोळ म्हणून टाळलेल्या या जंताचा खुलासा आधी करावा लागेल. शिवाय ज्याला आपण किरकोळ म्हणतो ती खाज रोज रात्रीची असते. झोपमोड, चिडचिड, वर्गात पेंगणं, कधी कातडी ओरबाडून जखम. मुलींमध्ये जंत पुढच्या बाजूला जाऊन तिथेही खाज आणि दाह करतो. त्याला अंगावरून जाणं किंवा लघवीचा संसर्ग समजून निराळीच औषधं सुरू होतात. खाजवणाऱ्या पोरीला वाईट सवय लागली म्हणून धपाटा मिळतो, ते वेगळंच.

निदानाच्या बाबतीत तर आपण स्वतःलाच फसवतो. पालक डॉक्टरांकडे जातात, डॉक्टर शौचाची तपासणी लिहून देतात, अहवाल येतो ‘जंत आढळले नाहीत’, आणि सगळे निर्धास्त होतात. मादी अंडी घालते ती बाहेर, कातडीवर. लागण झालेल्यांपैकी फार तर पाच ते पंधरा टक्क्यांच्या शौचात अंडी सापडतात. बाकीच्यांचा स्वच्छ अहवाल म्हणजे चुकीच्या जागी शोधल्याचा कागद. खरी तपासणी १९४१ पासून ठाऊक आहे आणि तिला चिकटपट्टीशिवाय काही लागत नाही: सकाळी उठल्याबरोबर, शौचाला जायच्या आणि अंग धुवायच्या आधी, पारदर्शक चिकटपट्टी शौचाच्या जागेभोवती दाबायची, काचेच्या पट्टीवर लावायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची. एका सकाळी केलं तर निम्म्या केसेस सापडतात, लागोपाठ तीन सकाळी केलं तर नव्वद टक्क्यांच्या आसपास. जिथे थुंकी तपासायला सूक्ष्मदर्शक आहे तिथे हेही होऊ शकतं. आणि जिथे तोही नाही तिथे लेकरू झोपल्यावर दोन-तीन तासांनी टॉर्च लावून बघितलं तर हलणारी मादी नुसत्या डोळ्यांनी दिसते. कुठल्याही आशाताईला हे पाच मिनिटांत शिकवता येईल. खर्चाच्या बाजूनं याला विरोध करता येत नाही. फक्त लाज आडवी येते.

आणि ती लाज उगाच उगवलेली नाही. जंत म्हणजे घाण घर, हे समीकरण फलकांनी, पाठ्यपुस्तकांनी आणि शेजारणींनी मिळून पक्कं केलं आहे. माती लागणाऱ्या तीन जंतांबाबत त्यात तथ्य आहे, कारण ते खरोखरच संडास नसण्याशी, उघड्या मैलाशी बांधलेले आहेत. पिनवर्म मात्र ज्या देशांत घरोघरी नळाला गरम पाणी आहे, तिथेही ठाण मांडून आहे. अमेरिकेत आणि पश्चिम युरोपात आज सर्वांत जास्त आढळणारा आतड्यातला जंत हाच. त्याला मैला नको, माती नको, फक्त जवळजवळ झोपणारी माणसं हवीत. अमेरिकेतल्या युटाहच्या गुहांत सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या माणसांच्या वाळलेल्या विष्ठेतही त्याची अंडी सापडली आहेत. माणसाखेरीज त्याला दुसरा यजमान नाही. कुत्र्या-मांजरांवर याचं खापर फोडणं बंद करायला हरकत नाही. महाराष्ट्र २०१८ मध्ये हागणदारीमुक्त जाहीर झाला, तेव्हा जंतही गेले असं ज्यांनी गृहीत धरलं, त्यांनी हा भेद पुसून टाकला. घरात संडास आला की आकडेकृमीचा रस्ता बंद होतो. पिनवर्मचा रस्ता नखापासून तोंडापर्यंत, वीतभर अंतराचा. त्यावर संडासाचं दार येत नाही. गुळाचा खडा जास्त खाल्ला म्हणून जंत झाले, या घरगुती निदानाला तर उत्तर द्यायचीही गरज पडू नये. गोडातून जंत जन्माला येत नाहीत. अंडं गिळल्याशिवाय जंत नाही. तरीही लेकराचा गूळ तोडला जातो, गोधडी तशीच राहते. झोपेत दात खाल्ले म्हणजे जंत झाले, या समजुतीचंही तसंच. झोपेत दात खाणारी असंख्य मुलं जंत नसलेली असतात.

‘स्वच्छता पाळा’ हा उपदेश त्यातल्या त्यात फसवा, कारण तो कधी चुकीचा ठरत नाही आणि कधी पुरेसाही ठरत नाही. पाश्चात्त्य पुस्तकांतून उचललेली यादी सांगते: रोज सगळ्यांचं अंथरूण-पांघरूण गरम पाण्यानं धुवा, रोज दोनदा अंघोळ घाला. ज्या यवतमाळ शहरानं निळोणा आणि चापडोह ही धरणं आटल्यावर २०१८ च्या उन्हाळ्यात टँकरच्या रांगा पाहिल्या, त्या जिल्ह्यातल्या बाईला हे सांगणं म्हणजे तिला आधीच नापास करणं. आणि समजा तिनं हे सगळं केलं, पण औषध एकट्या लेकराला एकदाच दिलं, तरी ती हरणारच. बापाच्या आणि आजीच्या पोटातले जंत रात्री नवी अंडी घालतच असतात. म्हणून आधी औषधाचा क्रम, मग मोजकी, जमण्यासारखी कामं. सकाळी उठल्या-उठल्या, हात इकडेतिकडे जायच्या आत, एक-दोन लोटे पाण्यानं शौचाची जागा साबण लावून धुवायची. रात्रीत घातलेली अंडी तिथेच संपतात, संध्याकाळच्या अंघोळीला ते जमत नाही. नखं कापलेली. रात्रीची चड्डी सकाळी बदललेली. गोधडी खोलीत झटकायची नाही, घडी करून अंगणात न्यायची आणि उन्हात टाकायची. थंड, दमट हवा या अंड्यांना मानवते आणि कोरडी, तापलेली हवा मारते. वऱ्हाडातल्या माणसाकडे पाणी नसेल, ऊन भरपूर आहे. झाडू मारण्याआधी पाण्याचा हात फिरवला तर धूळ उडत नाही. याहून जास्त काही मागायचं कारण नाही, आणि हेही औषधाच्या दोन मात्रांच्या काळात, दोन-तीन आठवडे, नेटानं केलं तरी भागतं.

वावडिंगाचं काय, हा प्रश्न वऱ्हाडात टाळून चालणार नाही. बाळघुटीत वावडिंग असतं, तान्ह्याच्या पोटावर डिकेमाली चोळतात, मोठ्यांना कडुनिंबाचा पाला देतात. चरकानं कृमिनाशक द्रव्यांत वावडिंगाला पहिला मान दिला आहे, आणि त्यातल्या एम्बेलिन या घटकाचा जंतांवरचा परिणाम प्रयोगशाळांनीही तपासला आहे. तेव्हा ही अडाण्यांची औषधं म्हणून हसण्यात अर्थ नाही. पण माझं म्हणणं मान्य केलं तर वावडिंग की अल्बेंडाझोल हा वादच दुय्यम ठरतो. बाजारातल्या वावडिंगाच्या चिमटीत किती एम्बेलिन आहे ते कुणी सांगू शकत नाही, गोळीत किती औषध आहे ते छापलेलं असतं. हा फरक मोठा आहेच. त्याहून मोठा फरक असा की घुटी फक्त बाळाला मिळते. बाळाच्या शेजारी झोपणाऱ्या चार वर्षांच्या ताईला आणि आईला मिळत नाही. जगातलं सर्वोत्तम औषधही घरातल्या एकालाच दिलं तर या जंतापुढे घुटीइतकंच निष्प्रभ ठरतं. एक सावधगिरी मात्र ठेवायलाच हवी: वर्षाच्या आतल्या बाळाला, आणि गरोदर बाईला, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, ही गोळी आपल्या मनानं द्यायची नाही. घरातल्या सगळ्यांना म्हणताना या दोघांसाठी डॉक्टरांना विचारणं त्यात धरलेलं आहे.

अधिक शिकलेल्या वर्तुळातून वेगळाच आक्षेप येतो: सरसकट गोळ्या वाटण्याचाच काही उपयोग नाही, हे संशोधनानं सिद्ध झालं आहे. हा वाद खरा आहे. केनियातल्या शाळांवरच्या एडवर्ड मिगेल आणि मायकेल क्रेमर यांच्या २००४ च्या अभ्यासात गोळ्यांमुळे हजेरी वाढल्याचं दिसलं होतं. पुढे कोक्रेन या वैद्यकीय पुरावे तोलणाऱ्या संस्थेच्या आढाव्यांनी सगळे प्रयोग एकत्र तोलून सांगितलं की वजन, हिमोग्लोबिन किंवा गुणांवर सरासरी परिणाम नगण्य आहे. आपल्याच उत्तर प्रदेशात दहा लाखांच्या घरातल्या लहान मुलांवर पाच वर्षं चाललेल्या आणि २०१३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या प्रयोगात, दर सहा महिन्यांनी अल्बेंडाझोल देऊनही बालमृत्यूंत लक्षणीय फरक पडला नाही. हे सगळं मान्य करूनही पिनवर्मबद्दलचा युक्तिवाद हलत नाही, कारण ते प्रयोग विचारतात की जंत असलेल्या आणि नसलेल्या सगळ्यांना गोळ्या दिल्यानं समाजाची सरासरी बदलते का. पिनवर्मच्या घरात प्रश्न सरासरीचा नसतो. तिथे लागण झालेली आहे, ती दिसते आहे, आणि त्या घरातल्या माणसांना योग्य क्रमानं औषध दिलं तर ती जाते का, एवढंच विचारायचं आहे. त्याचं उत्तर कोक्रेनच्या वादात शोधावं लागत नाही. गोळ्यांचा मारा वाढला तर औषधाला न जुमानणारे जंत तयार होतील, ही भीती मात्र गंभीर आहे. शेळ्या-मेंढ्यांच्या जंतांत या औषधगटाबाबत ते घडून गेलं आहे. म्हणूनच गावातल्या प्रत्येक माणसाला दोन-दोन गोळ्या वाटा, असं कुणी सुचवत नाही. जिथे जंत दिसले ते घर, आणि जिथे मुलं एकत्र झोपतात ती जागा, एवढ्यापुरतीच दुसरी मात्रा.

राहिला विश्वासाचा प्रश्न, आणि या जिल्ह्यात तो हवेतला नाही. ३१ जानेवारी २०२१ ला घाटंजी तालुक्यातल्या कापसी-कोपरी गावात पल्स पोलिओच्या दिवशी पाच वर्षांखालच्या बारा बाळांच्या तोंडात लशीऐवजी हँड सॅनिटायझरचे थेंब गेले. बाळं यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखल झाली, सुखरूप घरी परतली, आणि तिघांवर निलंबनाची कारवाई झाली. त्यानंतर सरकारी हातून लेकराच्या तोंडात काही पडताना आई बिचकली, तर तिला अडाणी म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही. पण त्या घटनेतून निघणारा निष्कर्ष ‘लस नको’ किंवा ‘गोळी नको’ हा नव्हे. दोष बाटली न वाचण्याचा होता, लशीचा नव्हता. आईनं पाकीट बघायला मागावं, नाव आणि मुदत वाचून घ्यावी, आणि देणाऱ्यानं ते निमूटपणे दाखवावं. विश्वास उपदेशानं परत येत नाही. जे सांगितलं ते घडलं की येतो. इथे खात्याच्या हातात एक सोपी गोष्ट आहे. गोळी देतानाच सांगायचं की ही गोळी रक्त पिणाऱ्या आणि मातीतून येणाऱ्या जंतांसाठी आहे; खाजेचे बारीक जंत असतील तर ते महिना-दीड महिन्यात पुन्हा दिसू शकतात, तसं झालं तर घरातल्या सगळ्यांनी उपकेंद्रात यायचं. जे आधीच सांगितलं होतं ते मार्चअखेर घडलं, तर गोळी देणारा खोटा ठरत नाही. आज मात्र फलकावर सगळे जंत एकाच चित्रात, आणि गोळी सगळ्यांवर रामबाण. अशा जाहिरातीची किंमत मोहीमच मोजते.

सगळ्या घरांपर्यंत हा क्रम पोचायला वेळ लागेल, पण जिथे तो उद्यापासून लागू करता येईल अशी जागा जिल्ह्यात आहे: पांढरकवडा आणि पुसद या दोन आदिवासी विकास प्रकल्पांखालच्या आश्रमशाळा आणि वसतिगृहं. मुलं एका दालनात, अंथरुणाला अंथरूण लावून झोपतात. पिनवर्मला याहून सोयीची जागा नाही आणि त्याला हुसकून लावायलाही याहून सोयीची जागा नाही. यादी तयार असते, सगळे एका वेळी हजर असतात, देखरेखीला माणूस असतो. मोहिमेच्या दिवशी इथे पहिली मात्रा सगळ्यांना मिळतेच. १० फेब्रुवारीला गोळी दिली असेल तर २४ फेब्रुवारीला त्याच यादीनं दुसरी द्यायची, आणि दोन्ही वेळा स्वयंपाकी, कामाठी, अधीक्षक आणि परिसरात राहणारी त्यांची कुटुंबं यांनाही त्या यादीत घ्यायचं. त्या दोन आठवड्यांत दालनातली अंथरुणं उन्हात, नखं कापलेली, सकाळची धुणी नियमानं. अल्बेंडाझोल राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, आरोग्य केंद्रांना ते नवं नाही, आणि एका आश्रमशाळेच्या दुसऱ्या मात्रेचा खर्च तिथल्या एका दिवसाच्या भाजीहून फारसा जास्त नसावा. ‘मुलं सुट्टीत घरी जाऊन पुन्हा जंत घेऊन येतात, मग हे किती वेळा करायचं?’ असं विचारतील. सुट्टीनंतर, हे त्याचं उत्तर. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उरलेल्या महाराष्ट्राहून उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. मुलं परतल्यावर पहिल्या आठवड्यात एक मात्रा आणि जुलैच्या मध्यात दुसरी देता येईल, आणि ऑगस्टची मोहीम त्या वर्षी त्या दालनांपुरती वगळावी की नाही हे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी चिकटपट्टीची तपासणी करून ठरवावं.